पांढरी आणि निळी

बाबांची वाचा गेली त्याच वर्षी ताईवर जवसाचे आई-बाप निवडायची वेळ आली.

ताई म्हणजे घरातली थोरली. संशोधन केंद्रावर तिला सगळे मॅडम म्हणत, पण घरात ती धाकट्याची ताई, आणि त्याचं ऐकून ऐकून आईची आणि बाबांचीही ताईच झालेली. बाबा त्याच केंद्रावर जन्मभर जवसाचे पैदासकार होते. जुन्या वाणांचा एकमेकांशी संकर करायचा, त्यातून निघालेल्या झाडांतली बरी झाडं वेचायची, ती पुन्हा पेरायची, पुन्हा वेचायची आणि आठ-दहा वर्षांनी एखादा जास्त बी देणारा वाण हाती लागला तर लागला, असं हे काम. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत दोन माणसं बसली आणि बदली करून घेऊन निघून गेली, कारण जवसात राहून कुणाचं भलं होत नाही अशी केंद्रावर बोलवा होती. गव्हाच्या विभागाला नवी इमारत होती. जवसाला मागच्या अंगाची एक लांबट खोली, एक वजनकाटा आणि खिडकीत कायमचं ठाण मांडलेलं कबुतर. त्या खोलीत ताई स्वतःहून अर्ज करून आली, तेव्हा बाबा कुणाला काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा चहा मागितला, असं आई सांगत असे.

"माणसाला आपले आई-बाप निवडता येत नाहीत," बाबा नव्या माणसाला हमखास ऐकवायचे. "आपल्याला मात्र दुसऱ्यांचे आई-बाप निवडायचा पगार मिळतो. तेव्हा निदान घाई तरी करू नये." मग ते गंभीर व्हायचे. "दोघं चांगले आहेत एवढ्यानं भागत नाही. वेगवेगळ्या कारणांनी चांगले हवेत. एकाच कारणानं चांगले असले तर पोरांना नवीन काय मिळणार? तीच शिदोरी दोन डब्यांत."

ताईला हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समोर ओळी, म्हणजे निवडून निवडून स्थिर केलेले वाण, लावून त्यांतल्या दोनांवर बोट ठेवणं वेगळं. आजवर अडलं की ती घरी जाऊन जेवताना विचारायची आणि बाबा घास तोंडात असतानाच उत्तर द्यायचे. पेरणीच्या आधी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं.

म्हणजे अगदीच गेलं नाही. वाचेचे उपचार करायला एक बाई घरी यायच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. "त्यांना सगळं कळतं. शब्दही आत आहेत. पण हवा तो शब्द हाताला लागत नाही, भलताच निघतो. 'हो' म्हणायचं असेल तर 'नाही' येईल. तेव्हा त्यांच्या हो-नाहीवर विसंबू नका." एकदा कंगवा मागताना बाबा 'संचालक' म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की आईला त्यांची पाठ चोळावी लागली. पण असं हसू क्वचित. एरवी एखादा शब्द काढताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगायची, ओठ नुसते हलायचे, आणि शेवटी ते डाव्या हातानं चादर मुठीत धरून भिंतीकडे बघत बसायचे. त्या हातात पेन देऊन पाहिलं, तर कागदावर नुसत्या रेघोट्या.

केंद्रावर संचालकांनी ताईला बोलावून सांगितलं होतं, की जवसाच्या प्रकल्पाची मुदत संपत आली आहे, या हंगामात नवा संकर झाला नाही तर पुढची मंजुरी विसरा. ताईनं सगळ्या ओळींच्या पानांचे नमुने तपासणीला पाठवले होते. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या किती नात्यातली आहे ते त्यातून कळलं असतं. पण प्रयोगशाळेत गव्हाचे नमुने रांगेत पुढे होते. ताई दर आठवड्याला फोन करायची आणि तिकडचा माणूस दर आठवड्याला तितक्याच प्रेमानं म्हणायचा, "होतंय, मॅडम." तेवढ्यात जवसाला कळ्या धरल्या.

मग ताईनं हाताशी होतं त्यावरून निवड केली. बियांच्या उताऱ्यात दोन ओळी सगळ्यांच्या पुढे होत्या. एक बाबांनीच तयार केलेली, पांढऱ्या फुलांची, पिवळसर बियांची. तिला केंद्रावर सगळे नुसतं पांढरी म्हणत. दुसरी लांबच्या एका केंद्राकडून दोन वर्षांपूर्वी आलेली, निळ्या फुलांची, तपकिरी बियांची. तिच्या आई-बापांविषयी विचारलं तर त्या केंद्रानं 'स्थानिक निवड' एवढंच कळवलं होतं, म्हणजे आम्हालाही ठाऊक नाही. एक इथली, एक तिथली. फुलाचा रंग वेगळा, बियांचा रंग वेगळा. रंगावरून नातं ठरत नाही हे ताई स्वतः शिकाऊ मुलांना शिकवायची. पण निवडायचं ठरलं की माणसाला आपल्या बाजूचंच दिसतं. दोन्ही ओळी एकाच दिवशी फुलायला लागल्या, तेव्हाही तिला ते सोयीचंच वाटलं. संकराला ताटकळावं लागणार नव्हतं.

तरी एकदा बाबांच्या कानावर घालावं म्हणून ती दुपारी घरी आली. दोन छोट्या डब्यांत दोन्हींचं बी आणलं होतं. बाबा उशांना टेकून बसले होते. ताई पलंगाजवळ स्टुलावर बसली, डबे उघडून मांडीवर ठेवले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, यंदा आपली पांढरी आई करणार. आणि ही बाहेरून आलेली निळी बाप."

बाबांनी डब्यांत पाहिलं. निळीचं बी डाव्या हाताच्या चिमटीत घेतलं, डोळ्यांशी नेलं, दोन बोटांत चोळलं. मग त्यांची ती शीर फुगली.

"भा," ते म्हणाले. "भा… भा…"

"भाव? भाजी? भाग?"

"नाही! हो!" त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, सगळा जीव एकवटला आणि म्हणाले, "भावंडं."

इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून कित्येक दिवसांत निघाला नव्हता. ताई स्टुलावर पुढे सरकली. "कोण भावंडं, बाबा?"

बाबांनी डावा हात उचलून तिच्याकडे बोट केलं. निदान ती जिथे बसली होती तिकडे तरी केलं. आणि पुन्हा म्हणाले, "भावंडं."

स्वयंपाकघरातून आई ओल्या हातांनीच धावत आली. "ऐकलंस ना? ऐकलंस? भावंडं म्हणतायत!" आणि पदराला हात पुसता पुसता रडायला लागली. "मला ठाऊकच होतं. यांच्या मनात तोच घोर आहे. बोलता येत होतं तेव्हा बोलले नाहीत, आता बोलता येत नाही तर…"

आईचं म्हणणं चुकीचं वाटावं असं काहीच नव्हतं. धाकटा या घरात पाऊल ठेवत नव्हता. बाबांची इच्छा त्यालाही शेतीशास्त्र शिकवायची होती. तो दोन वर्षं कसाबसा शिकला आणि सोडून लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला. त्यावरून खटके उडाले, पण ते निभावलं असतं. निभावलं नाही ते त्याचं लग्न. लग्न आलं नेमकं जवसाच्या फुलोऱ्यात. सूर्य उगवता फूल उमलतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या गळतात, संकर करायचा तो तेवढ्या वेळात. बाबा सकाळची फुलं आटोपून लग्नाला आले, दुसऱ्या दिवशीच्या कळ्या तयार करायच्या म्हणून जेवण होताच परत गेले. पायाला चिखल तसाच. सुनेच्या माहेरच्यांनी विचारलं, हे कोण? धाकट्यानं ते ऐकलं. तेव्हापासून तो आईला फोन करायचा, ताईशी कामापुरतं बोलायचा, आणि बाबांची चौकशी आजारपणातही आईकडेच करायचा. तो लांबच्या शहरात राहायचा, म्हणून येणं होत नाही असं आई शेजारणींना सांगायची. शेजारणीही समजूतदारपणे मान डोलवायच्या.

आईनं त्याच दिवशी त्याला फोन लावला. "अरे, तुझं नाव घेतलं त्यांनी," ती म्हणाली. नाव कुणी घेतलं नव्हतं, पण ताईनं तिला टोकलं नाही.

धाकटा आला. एकटाच आला, कामाच्या बुटांवर आला. दारात बूट काढताना त्यानं ताईकडे न बघता विचारलं, "खरंच म्हणाले?"

"म्हणाले. मी समोरच होते."

त्याचा चेहरा इतका उघडा तिनं लहानपणानंतर पाहिला नव्हता.

आईनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. तिनं ताईला पलंगाच्या एका बाजूला बसवलं, धाकट्याला दुसऱ्या. बाबा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. धाकट्याला पाहून त्यांचे डोळे भरले, हे ताईनं नीट पाहिलं. त्याबद्दल तिला पुढेही कधी शंका आली नाही. धाकट्यानं वाकून त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आलो मी." बाबांनी डाव्या हातानं त्याचा गाल चाचपला. तेवढ्यावर सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण आईला राहवेना. तिनं दोघा मुलांचे हात ओढून बाबांच्या पांघरुणावर आणले, एकमेकांत गुंफले आणि म्हणाली, "बघा. भावंडं. झालं ना तुमच्या मनासारखं?"

बाबा त्या हातांकडे बघत राहिले. मग आईकडे, मग ताईकडे. त्यांना काहीतरी कळलं आणि ते घाबरल्यासारखे झाले. "नाही," ते म्हणाले. "नाही. नाही!" चेहरा लालबुंद झाला, तोंडातून थुंकी उडाली. "भावंडं! नाही! नाही!" आणि त्यांनी डावा हात त्या दोन हातांच्या मध्ये घातला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ते हात एकमेकांपासून तोडले. धाकट्याचा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला.

"अरे, उलटं होतं त्यांचं," आई घाईघाईनं म्हणाली. "बाई म्हणाल्या ना, नाही म्हणजे हो. आनंदानं होतंय त्यांना ते."

धाकटा उठून उभा राहिला. तो शांतपणे म्हणाला, "हो-नाही उलटं होत असेल, आई. हात उलटे होतात का?"

बाबा त्याच्याकडे बघून डावा हात हवेत हलवत होते, ये म्हणत होते की जा म्हणत होते, देव जाणे. त्यांच्या तोंडून एकामागून एक भलतेच शब्द पडत होते, बादली, मंगळवार, टपाल. धाकट्यानं ते सगळे ऐकून घेतले. मग दारात जाऊन बूट घातले. ताई त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली.

"थांब रे. उद्या पुन्हा बोलू त्यांच्याशी. असे होतात ते, मग शांत होतात."

"ताई, तू रोज बघतेस त्यांना. तुला सवय आहे." त्यानं हाताला लागलेलं बघितलं, मूठ उघडझाप करून पाहिली. "मी उगाच आलो. आपण कशाला खोटं बोलायचं?"

तो गेला. आईनं त्याच्यासाठी केलेलं जेवण दोघींनी खाल्लं, कारण टाकवेना. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ताई शेतावर होती. पांढरीच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या निवडून चिमट्यानं पाकळ्या काढायच्या, आतले पाचही पुंकेसर न तोडता न फोडता अलगद उचलायचे, कळीवर कागदाची नळी बसवायची. सकाळी त्यांना निळीचे पराग नेऊन लावायचे, दुपारी पुन्हा नव्या कळ्या. तिचा हात या कामात मुरलेला होता. डोकं धाकट्यापाशी आणि हात कळीपाशी, असे ते दिवस गेले. संकर उत्तम साधला. बोंडं टपोरी धरली. संचालकांनी शेतावर येऊन फोटो काढून नेले.

त्यानंतर काही दिवस बाबा तिला बघितलं की 'भा भा' करायचे. मग तेही बंद झालं. दुसऱ्या वर्षी, संकराची पहिली पिढी शेतात उभी असताना, त्यांना आणखी एक झटका आला. त्यात उरलेसुरले शब्द गेले. पहिली पिढी सगळी एकसारखी होती. ती तशी असतेच, त्यातून काही कळत नाही. कळतं ते पुढच्या पिढीत. तिच्यात आई-बापांचे गुण फुटतात, पसरतात. एक झाड ठेंगणं, एक उंच, एकाला फांद्याच फांद्या, एकाची बोंडं मोजता मोजता थकावं अशी. त्या पसाऱ्यातून माणूस वेचतो. पैदासकार जगतो तो या पिढीसाठी.

तिसऱ्या वर्षी ताईनं ती पिढी मोठ्या तुकड्यावर पेरली. बोंडं भरायला लागली तसा तिचा जीव टांगणीला लागला, आणि एका सकाळी तिला बघायचंच नव्हतं ते दिसलं. फुलं तेवढी वेगळी निघाली होती, तीन निळी तर एक पांढरं, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. बाकी सगळं एकाच साच्यातलं. तीच उंची. त्याच तीन-चार फांद्या. कितीही झाडं हातात घेतली तरी बोंडांचा आकडा आईच्या आकड्याच्या आसपास, बापाच्या आकड्याच्या आसपास. पुढे एकही नाही, मागे एकही नाही. वाईट म्हणावं असं एक झाड नव्हतं, आणि वेचावं असंही एक नव्हतं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग पुन्हा चालत आली. जणू मधल्या एखाद्या ओळीत काही राहून गेलं असेल.

त्याच आठवड्यात बाबांना भेटायला टोपीकाका आले. टोपीकाका बाबांचे जुने सहकारी. घरात, दारात, लग्नात, कुठेही डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली काय आहे यावर केंद्रावर पैजा लागायच्या. तरुणपणी त्यांची लांबच्या केंद्रावर बदली झाली ती कायमचीच. बाबांजवळ ते बराच वेळ बसले, जुन्या संचालकांच्या नकला करून दाखवल्या, आणि बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही तसे थोडे थोडे गप्प होत गेले. मग ताईला म्हणाले, "चल, तुझं शेत दाखव. इथं मला बसवत नाही."

बांधावर उभं राहून त्यांनी विचारलं, "आई-बाप कोण?"

ताईनं सांगितलं. निळीचा नंबर सांगितला, कोणत्या केंद्राकडून आली ते सांगितलं.

"आमच्याकडून?" टोपीकाका म्हणाले. "निळं फूल? तपकिरी बी?" त्यांनी वाकून एक झाड हातात घेतलं, सोडलं, दुसरं घेतलं. "अगं, ही तुझ्या बाबांचीच. माझी बदली झाली तेव्हा त्यांनीच दिली मला, रुमालात बांधून. एकाच संकरातून निघालेली दोन झाडं. पांढरी स्वतःला ठेवली, निळी मला दिली. म्हणाले, दोघी सारख्याच गुणाच्या आहेत, एक माझ्याकडे मेली तर एक तुझ्याकडे राहील. मी तिकडे लावत आलो. माझ्या मागून आलेल्यांनी तिला नंबर लावला असेल." ते सरळ झाले. "सख्खी भावंडं आहेत ही. तुला सांगितलं नाही त्यांनी कधी?"

ताई बांधावरच खाली बसली. टोपीकाकांना वाटलं, हंगाम वाया गेला म्हणून बसली. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. माझे तर पाच हंगाम गेले होते एकदा."

संध्याकाळी ती घरी गेली. आई औषधं आणायला गेली होती. बाबा खिडकीशी खुर्चीत होते, छातीवर रुमाल खोचलेला. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, पांढरी आणि निळी. भावंडं. मला आता कळलं. तुम्ही तेव्हाच सांगत होतात." ती थांबली. "माझी चूक झाली, बाबा."

बाबा तिच्याकडे बघून अर्ध्या ओठानं हसले. हल्ली ते सगळ्यांकडेच बघून तसे हसायचे, नर्सकडे, दूधवाल्याकडे, टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्या मुलीकडे. ताईनं त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. तिथं काही हललं की नाही, हे ती छातीठोकपणे सांगू शकली नसती. मग तिनं त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

धाकट्याला सांगावं की नाही, यावर तिनं दोन दिवस घालवले. आईला सांगायची तिची हिंमत नव्हती. तो शब्द आपल्यासाठी होता असं धरून आई जगत होती, आणि मुलानं ऐकलं नाही म्हणून त्याच्यावर रुसून बसली होती. पण धाकट्याला वाटत होतं, बाबांनी त्याचा हात झिडकारला. निदान तेवढा सल तरी काढता येईल असं ताईला वाटलं. तिनं केंद्राच्या खोलीतून फोन लावला आणि सगळं सांगितलं. डबे, बी, टोपीकाका, रुमाल.

"म्हणजे बघ," ती शेवटी म्हणाली, "ते तुला नाही म्हणत नव्हते. आपण चुकीचं समजलोय, ते नाही, असं म्हणत होते. जवसाबद्दल सांगत होते ते मला. तुझ्यावर राग नव्हताच त्यांचा."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो कुठल्यातरी लिफ्टच्या खोलीत असावा. आवाज बंद झाला.

"म्हणजे माझं त्यात काहीच नव्हतं," धाकटा म्हणाला.

"अरे, तसं नाही…"

"तसंच आहे की, ताई. एवढे दिवस वाटत होतं, राग तर राग, माझ्याबद्दल काहीतरी होतं." तो जरा हसला, पण ते हसू ऐकायला नको असं होतं. "तेव्हाही जवस. त्या तशा अवस्थेतही."

ताईनं सांगितलं की तुला बघून त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं, तुझ्या गालावर हात फिरवला त्यांनी. तो "हो" म्हणाला. "हो, फिरवला," म्हणाला, आणि मग, "काम आहे, ठेवतो." ताईनं फोन खाली ठेवला. खिडकीतलं कबुतर तिच्याकडे मान वाकडी करून बघत होतं. तिनं वहीनं त्याला हाकललं. ते उडालं नाही, नुसतं सरकून बसलं.

पांढरीचं आणि निळीचं नातं सांगणारा, तीन हंगाम रांगेत अडकलेला प्रयोगशाळेचा अहवाल पुढच्या महिन्यात आला. त्यात नवीन काही नव्हतं. संचालकांनी तो वाचला आणि म्हणाले, "आधी यायला हवा होता हा." ताई "हो सर" म्हणाली. प्रकल्पाला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, जेमतेम. आता नव्यानं आई-बाप निवडायचे होते. अहवालावरून ताईनं पांढरीसाठी एक अगदी परकी ओळ शोधली होती. बुटकी, उशिरा फुलणारी, दिसायला दरिद्री. बियांच्या उताऱ्यात खालून दुसरी. कागदावर हीच निवड बरोबर होती. पण कागदावर मागचीही बरोबर होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन कुणाला विचारावं तर खुर्चीत बसलेले बाबा अर्धे हसायचे, आणि ती त्यांना भरवून परत यायची.

कापणीच्या सुमारास एक दिवस धाकटा आला. जवळच्या कुठल्या इमारतीत काम होतं म्हणाला, खरं-खोटं तोच जाणे. आईशी बोलला, बाबांजवळ थोडा बसला. बाबा त्याच्याकडे बघून हसले, जसे सगळ्यांकडे हसायचे तसे. त्यानं ते पाहिलं आणि नजर वळवली. निघताना म्हणाला, "ताई, ते शेत कुठलं? दाखवतेस?"

दोघं केंद्रावर गेले. उन्हात सगळा तुकडा पिकून तांबूस झाला होता. वारा आला की लाखो बोंडं एकदम खुळखुळायची. धाकटा बांधावर हात खिशात घालून उभा राहिला. जन्मभर या पिकाशी वैर धरलं, पण ते इतकं जवळून त्यानं बहुधा लहानपणानंतर बघितलंच नव्हतं.

"छान आलंय की," तो म्हणाला. "एकदम सारखं. कुठं वर नाही, कुठं खाली नाही."

"हो," ताई म्हणाली. "तेच वाईट झालंय."

त्यानं एक बोंड तोडून कानाशी हलवून पाहिलं. थोड्या वेळानं बसची वेळ झाली म्हणाला आणि बांधाबांधानं रस्त्याकडे गेला. एकदा वळून त्यानं हात केला. तिनंही केला.

कापणीच्या बाया विळे आणि पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. दरवर्षी ताई आधी पुढे जायची, निवडलेल्या झाडाला दोरा बांधायची, आणि प्रत्येक झाड वेगळ्या पिशवीत जायचं. मुकादमबाईनं पिशव्यांवर घालायच्या नंबरांसाठी पेन पुढे केलं.

"मॅडम, दोरे कुठं दिसेनात. बांधायचे राहिले का?"

"नाही राहिले," ताई म्हणाली. "यंदा पिशव्या नकोत. सगळं एकत्र कापा. घाण्यावर जाईल."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर खोचले आणि एका कडेनं कापायला सुरुवात केली.